मागील शिक्षा : निरंक

कायद्याच्या पुस्तकात काही शब्द असे असतात की, वाचताना डोळा त्यांच्यावरून सहज पुढे सरकतो. पण सगळ्या कलमाचा भार त्यांनीच पेललेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात असा एक शब्द आहे. तो म्हणजे 'दुसऱ्या'. दारू पिऊन वाहन चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आणि दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा तिथे सांगितली आहे. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीने आले. त्याआधी दंडाची कमाल मर्यादा पहिल्या खेपेला दोन हजार आणि पुढच्या खेपेला तीन हजार होती. दंड वाढला तेव्हा चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत चर्चा झाली ती या हजारांची. 'दुसऱ्या' या शब्दाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

माणूस दुसऱ्यांदा सापडला असे म्हणायचे तर तो पहिल्यांदा कधी सापडला होता, हे कोणाच्या तरी लक्षात असायला हवे. ते कोणी ठेवायचे, कुठे आणि किती दिवस? मी काही वर्षे वकिली केली आणि नंतर कायद्याचा इतिहास शिकवला. या दोन्ही वाटांवर मला हा प्रश्न वारंवार भेटला. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. ती इंग्लंडातल्या गुत्त्यापासून सुरू होते, अमेरिकेत जप्त मोटारींच्या आवारापर्यंत जाते आणि आपल्या पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात येऊन थांबते.

१८७२ साली ब्रिटिश पार्लमेंटने दारूच्या दुकानांचे नियमन करण्यासाठी एक कायदा केला. त्याच्या बाराव्या कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. पहिली अशी की, सार्वजनिक रस्त्यावर जो नशेत सापडेल त्याला १० शिलिंगांपर्यंत दंड. बारा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर २० शिलिंगांपर्यंत. तिसऱ्यांदा किंवा त्यापुढे ४० शिलिंगांपर्यंत. दुसरी अशी की, हमरस्त्यावर बग्गी, घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन ज्याच्या हवाली आहे असा माणूस नशेत सापडला, तर त्याला थेट ४० शिलिंगांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. भरलेली बंदूक जवळ बाळगणारा दारुडाही याच रांगेत बसवलेला आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच दोन तत्त्वे कायद्यात आली होती. नशेत वाहन हाकणे हे नुसत्या नशेपेक्षा वाईट, हे एक. आणि पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याला चढती शिक्षा, हे दुसरे.

ही चढती भाजणी तेव्हा चालू शकली, कारण गाव लहान होते. हवालदार दारुड्यांना नावानिशी ओळखत होता आणि दंडाधिकारीही त्यांचे चेहरे विसरत नव्हता. शिक्षेची नोंदवही असेच. पण खरी नोंदवही हवालदाराच्या डोक्यात होती. शिवाय वाहनाला जोडलेले जनावर शुद्धीवर असायचे. आपल्याकडे आठवड्याच्या बाजारातून परतणारा गाडीवान गाडीत आडवा झाला, तरी बैल त्याला घराच्या दारात आणून सोडत. मोटारीला घरची वाट ठाऊक नसते. तिच्या येण्याने सगळे गणितच बदलले.

१० सप्टेंबर १८९७ रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने आपली भाड्याची गाडी न्यू बाँड स्ट्रीटवरच्या एका इमारतीवर आदळली. ती गाडी विजेवर चालणारी होती. अशा गाड्या लंडनच्या रस्त्यावर येऊन महिनाही झालेला नव्हता. स्मिथने प्यायलो होतो हे कबूल केले, काही शिलिंग दंड भरला आणि मोटार चालवताना नशेत सापडलेला पहिला माणूस म्हणून इतिहासात नाव नोंदवून घेतले. त्याने कबूल केले म्हणून खटला सोपा झाला. जो कबूल करत नाही त्याचे काय, हा प्रश्न पुढची सत्तर वर्षे कायद्याला छळत राहिला.

१९३० च्या ब्रिटिश कायद्याने व्याख्या केली ती अशी की, वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका जो मद्याच्या अंमलाखाली आहे तो गुन्हेगार. हीच शब्दरचना आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमात आली. आधीच्या अशाच गुन्ह्यानंतर तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर जास्त शिक्षा, हेही त्या कलमात होते. म्हणजे 'दुसऱ्यांदा' ही कल्पना आपल्या कायद्यात स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. अडचण होती ती 'ताबा ठेवता येणार नाही इतका' हे सिद्ध करण्याची. सरकारी डॉक्टर त्या माणसाला सरळ रेषेत चालायला लावायचे, बोलायला लावायचे, डोळ्यांच्या बाहुल्या पाहायचे आणि तोंडाचा वास घ्यायचे. मग दाखला लिहायचा : तोंडास दारूचा वास, चाल अडखळती, बाहुल्या विस्फारलेल्या, बोलणे असंबद्ध. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रक्ताची किंवा लघवीची तपासणी झालेली नसताना एवढ्या लक्षणांवरून माणूस नशेत होता असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही. १९७१ च्या निर्णयसंग्रहात छापलेला हा निकाल पुढे कितीतरी वकिलांनी वापरला. न्यायालयाचे म्हणणे चूक नव्हते. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूसही अडखळतोच. पण ज्याचा पहिलाच गुन्हा शाबीत होत नाही, त्याचा दुसरा गुन्हा कधी येणार?

या कोड्याचे उत्तर प्रयोगशाळेतून आले. स्वीडनमध्ये लुंड इथले एरिक विडमार्क यांनी १९२२ मध्ये रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून त्यातला मद्यार्क मोजण्याची पद्धत बसवली. शेजारच्या नॉर्वेने १९३६ मध्ये त्याचा कायदा केला : रक्तात हजारी अर्ध्या भागापेक्षा जास्त मद्यार्क असेल तर गुन्हा. चाल अडखळली की नाही हा वादच संपला. पुढे अनेक दशके नॉर्वेत अशा चालकाला किमान २१ दिवस तुरुंगात काढावे लागत. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या रोला हार्गर यांनी फुग्यात श्वास सोडायला लावणारे यंत्र केले आणि १९५४ मध्ये इंडियानाच्याच पोलीस दलातले रॉबर्ट बोर्कनस्टीन यांनी सहज नेता येईल असे 'ब्रेथलायझर' तयार केले. श्वासात मद्यार्क असला की, नळीतल्या पिवळ्या रसायनाचा रंग उतरत जाई.

ब्रिटनमध्ये हे यंत्र रस्त्यावर आणले ते वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनी. गंमत अशी की, बाई स्वतः गाडी चालवत नसत. गुत्तेवाल्यांनी आरडाओरड केली, पत्रांतून शिव्यांची लाखोली आली. पण ९ ऑक्टोबर १९६७ पासून कायदा अमलात आला. १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की, किमान वर्षभर परवाना गेला. पहिल्या वर्षात रस्त्यावरचे मृत्यू १,१५२ ने कमी झाले, असे सरकारी आकडे सांगतात.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. एच. लॉरेन्स रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पुढच्या वर्षांचे आकडे तपासले, तेव्हा तो परिणाम हळूहळू विरत गेल्याचे दिसले. सुरुवातीला लोकांना वाटले होते की, प्यायलो तर नक्की सापडणार. काही महिने गेले आणि लक्षात आले की, रात्र मोठी आहे आणि पोलीस थोडे आहेत. मग १९७५ मध्ये चेशायर परगण्याच्या पोलीसप्रमुखांनी एक प्रयोग केला. दारूच्या वेळात जो वाहतुकीचा नियम मोडेल किंवा अपघातात सापडेल, त्या प्रत्येकाची श्वासचाचणी घ्यायची. कायदा तोच होता आणि शिक्षाही तीच; मोहीम चालू होती तोवर अपघात मात्र घटले. रॉस यांनी यावरून काढलेला निष्कर्ष आजही या विषयात पायाभूत मानला जातो. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती होणारच आहे असे वाटणे, हे माणसाला जास्त अडवते.

पण हे झाले सर्वसाधारण माणसाचे. लग्नात दोन पेग घेऊन गाडी काढणारा माणूस नाकाबंदीच्या भीतीने रिक्षा करून घरी जाईल. ज्याला दारूचे व्यसनच आहे, तो रोजच पितो आणि रोजच गाडी काढतो. त्याच्यासाठी रोजचा दिवस हाच धोका असतो, आणि न सापडता घरी पोहोचलेली प्रत्येक रात्र त्याचे धैर्य वाढवते.

हा माणूस जगासमोर आला तो १९८० मध्ये. ३ मे १९८० रोजी कॅलिफोर्नियातल्या फेअर ओक्स गावी रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या तेरा वर्षांच्या कॅरी लाइटनर या मुलीला एका मोटारीने उडवले. चालक नशेत होता. त्याला याच गुन्ह्यासाठी पूर्वी शिक्षा झालेल्या होत्या आणि दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका प्रकरणात तो जामिनावर सुटला होता. मुलीची आई कँडी लाइटनर यांना हे कळले, तेव्हा त्यांनी मातांची एक संघटना उभी केली. मद्यपी चालकांविरुद्धच्या मातांची ही संघटना, म्हणजे 'मॅड', पुढे अमेरिकेच्या राजकारणात वजनदार झाली. त्या आईचा प्रश्न फार साधा होता. हा माणूस सगळ्यांना माहीत होता, मग तो रस्त्यावर कसा?

ब्रिटनने १९८३ मध्ये याचे एक उत्तर शोधले. दहा वर्षांत दोनदा फार मोठ्या प्रमाणात मद्यार्क घेऊन गाडी चालवताना सापडलेल्यांची वेगळी यादी करायची आणि बंदीची मुदत संपल्यावरही वैद्यकीय तपासणीत व्यसन सुटलेले दिसल्याशिवाय त्यांना परवाना परत द्यायचा नाही. पुढे ही यादी आणखी व्यापक केली गेली. इथे पहिल्यांदा परवाना खाते, न्यायालय आणि डॉक्टर एकाच कागदावर आले.

अमेरिकेत परवाने निलंबित होत होतेच. पण निलंबित माणसे तरीही गाडी चालवत राहिली. परवाना खिशातून काढून घेतला, तरी किल्ली खिशातच होती. मग विचार असा निघाला की, कागद घेऊन भागत नसेल तर वस्तूच घ्यावी. मिनेसोटा राज्याने १९८८ मध्ये वारंवार सापडणाऱ्यांच्या नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात केली. १९९१ मध्ये हे काम न्यायालयाकडून काढून पोलीस आणि परवाना खात्याकडे दिले, कारण न्यायालयाचा आदेश यायला फार वेळ लागे. त्या कुटुंबाला गाडी लागतच असेल तर वेगळ्या मालिकेची, 'डब्ल्यू' अक्षराने सुरू होणारी पाटी मिळे. लोकांनी तिला 'व्हिस्की प्लेट' असे नाव ठेवले.

कॅलिफोर्निया त्याच्या पुढे गेला. १ जानेवारी १९९५ पासून तिथे परवाना निलंबित असताना किंवा परवाना नसतानाच गाडी चालवणारा सापडला, तर त्याची गाडी तिथल्या तिथे ओढून न्यायची आणि ३० दिवस ठेवायची, असा कायदा आला. ओढून नेण्याचा आणि आवारात ठेवण्याचा खर्च मालकाचा. त्या राज्याच्या मोटार वाहन खात्यातले संशोधक डेव्हिड डियंग यांनी १९९९ मध्ये याचा परिणाम मोजला. ज्यांची गाडी अडकवली आणि ज्यांची अडकवली नव्हती, अशा निलंबित चालकांची त्यांनी वर्षभराची तुलना केली. गाडी अडकवलेल्यांमध्ये, पहिल्यांदाच सापडलेल्यांचे अपघात सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. आणि ज्यांना निलंबन मोडून गाडी चालवल्याबद्दल आधीही शिक्षा झाली होती, त्यांचे अपघात सुमारे ३८ टक्क्यांनी कमी. म्हणजे जो सर्वांत निर्ढावलेला, त्याच्यावरच हा उपाय जास्त चालला.

असे का व्हावे? एक तर शिक्षा त्याच रात्री, त्याच जागी होते. खटल्याची तारीख पडायची वाट पाहावी लागत नाही. दुसरे, दंड एकदा भरला की विसरता येतो. महिनाभर बसने जाणे रोज आठवण करून देते. आणि तिसरे, अशा चालकांच्या गाड्या पुष्कळदा जुन्या असतात. ठेवण्याचे भाडे गाडीच्या किमतीपेक्षा वर गेले की, मालक ती सोडवायला येतच नाही.

या तिसऱ्या कारणातच धोकाही लपलेला होता. भाडे परवडत नाही म्हणून गाडी गमावणारे सगळेच दारुडे नव्हते. कॅलिफोर्नियात कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना त्या काळी परवानाच मिळत नसे. दारूसाठी उभ्या केलेल्या नाक्यांवर न प्यालेल्या मजुरांच्या गाड्या ओढल्या जाऊ लागल्या. २०१२ पासून अशा नाक्यांवरच्या जप्तीला कायद्याने लगाम घालावा लागला. दुसऱ्या एका प्रकरणात एका बाईने गाडी नातेवाइकाला दिली होती, त्याचा परवाना निलंबित होता. बाईचा स्वतःचा परवाना चालू होता, ती भाडे भरायला तयार होती, तरी गाडी ३० दिवस मिळेना. २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने सांगितले की, गाडी ओढून नेण्याचे कारण संपल्यावरही ती धरून ठेवायची, तर त्याला स्वतंत्र कारण लागेल.

न्यूयॉर्क शहराने फेब्रुवारी १९९९ मध्ये तर पहिल्याच अटकेत गाडी कायमची जप्त करण्याचे धोरण आणले. महापौर होते रुडॉल्फ जुलियानी. खटल्याचा निकाल लागेपर्यंत गाडी शहराच्या आवारात पडून राही आणि मालकाला मध्ये दाद मागायला जागाच नसे. २००२ मध्ये अपील न्यायालयाने हे अमान्य केले. गाडी जप्त केल्यावर मालकाला लवकरात लवकर तटस्थ अधिकाऱ्यासमोर बाजू मांडता आली पाहिजे, असा तो निकाल होता. तो लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गाडीवर त्या घराची नोकरी, शाळा आणि दवाखाना चालतो. ती फक्त पिणाऱ्याची नसते, ही जाण त्या निकालामागे आहे.

युरोप अलीकडे याच वाटेने निघाला आहे. डेन्मार्कने ३१ मार्च २०२१ पासून बेफाम चालकांच्या गाड्या जप्त करायला सुरुवात केली. रक्तात हजारी दोन भागांपेक्षा जास्त मद्यार्क असणे हेही त्यात धरले आणि गाडी दुसऱ्याची असली तरी सूट ठेवली नाही. लॅटव्हियाने हजारी दीड भागाची रेषा आखली आणि २०२३ मध्ये जप्त गाड्या युक्रेनला पाठवल्या. पोलंडने १४ मार्च २०२४ पासून असाच कायदा अमलात आणला.

आता घरी येऊ. आपल्याकडे दारू आणि वाहन यांची गाठ कायद्याने फार पूर्वी घातली आहे. पण ती वेगळ्या जागी. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात बेकायदा दारू वाहून नेणारी गाडी, होडी, इतकेच काय जनावरही सरकारजमा करण्याची तरतूद आहे. डिकीत बाटल्या सापडल्या तर गाडी जाऊ शकते. तीच दारू चालकाच्या पोटात असेल, तर मात्र कायदा गाडीबद्दल जवळजवळ गप्प आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०२ व्या कलमाने पोलिसाला अशा चालकाला वॉरंटशिवाय अटक करता येते. दोन तासांत त्याची वैद्यकीय तपासणी करावी लागते. आणि गाडीची तात्पुरती व्यवस्था लावण्यापुरती मोकळीक आहे. गाडी अडकवून ठेवण्याचा खरा अधिकार २०७ व्या कलमात आहे आणि त्याच्या कारणांच्या यादीत दारू नाही. याच मुद्द्यावर तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निकाल दिला : केवळ चालक प्यालेला आहे म्हणून पोलिसांना गाडी जप्त करता येणार नाही. सोबत न प्यालेला परवानाधारक असेल तर गाडी त्याच्या हवाली करावी, नसेल तर नातेवाइकाला बोलवावे, कोणीच आले नाही तर ठाण्यात सुरक्षित ठेवून कागद दाखवल्यावर परत द्यावी.

हा निकाल ऐकून पुष्कळांना वाईट वाटले. मला तो बरोबर वाटतो. पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात वर्षानुवर्षे पडलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. टायर बसलेले, काच फुटलेली, बॉनेटमधून वेल आलेला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले होते की, जप्त वाहने ठाण्यात सडत ठेवू नयेत, योग्य हमी घेऊन ती लवकर सोडावीत. तरी अंगणे भरलेलीच दिसतात. अशा व्यवस्थेच्या हाती पहिल्याच खेपेला गाडी अडकवण्याचा मोकळा अधिकार देण्याआधी शंभरदा विचार केला पाहिजे.

मग पुन्हा पुन्हा पिऊन चालवणाऱ्याचे काय करायचे? त्याला मोकळे सोडायचे? अजिबात नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडवर एका मोटारीने पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडले. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्यार्क होता. आपल्या कायद्याची मर्यादा आहे ३०. खालच्या कोर्टाने दिलेली सहा महिन्यांची कैद उच्च न्यायालयाने तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २००७ पासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी श्वासचाचणीची मोहीम नेटाने चालवली आणि शनिवारी रात्री टॅक्सी करून घरी जाण्याची सवय शहरातल्या पुष्कळांना लागली. रॉस यांचा नियम इथेही खरा ठरला. सापडण्याची भीती असेल तिथे माणूस वागतो.

मोहिमेने सुधारतो तो लग्नातला दोन पेगवाला. निर्ढावलेल्याला गाठायचे तर नोंद लागते, आणि तिथेच आपली दोरी तुटते. या गुन्ह्याचा दंड नाक्यावर पावती फाडून भरता येत नाही. कोर्टातच जावे लागते. मी ज्या कोर्टांत उभा राहिलो, त्यांपैकी एका ठिकाणी या खटल्यांचा ठरलेला वार असे. नाव पुकारले जाई, माणूस हात जोडून गुन्हा कबूल म्हणे, दंड भरे आणि अकराच्या आत बाहेर चहा पीत असे. दोषारोपपत्राच्या नमुन्यात आरोपीच्या मागील शिक्षांसाठी एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा एकच शब्द लिहिलेला मी पाहिला : निरंक. एका गृहस्थांना तर मी त्याच बाकावर वर्षभरात तीनदा पाहिले आणि तिन्ही वेळा त्यांचा तो पहिलाच गुन्हा होता. कोणी खोटे लिहीत होते असे नाही. कोणी शोधतच नव्हते. शेजारच्या तालुक्याच्या कोर्टातली वही इथे येत नव्हती आणि इथली आरटीओकडे जात नव्हती.

ही दोरी जोडण्यासाठी नवा कायदा लागत नाही, हे मला आज मुद्दाम सांगायचे आहे. मोटार वाहन कायद्याचे १९ वे कलम अट्टल मद्यपी माणसाला परवान्यासाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याला देते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्तासुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना कळवले की, दारू पिऊन चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. आणि ज्याचा परवाना निलंबित आहे त्याच्याकडे चालू परवानाच नाही. तो तरीही गाडी चालवताना सापडला, तर २०७ व्या कलमाखाली गाडी अडकवता येते, कारण परवान्याशिवाय चालवणे हे त्या कलमाच्या यादीत आहे. कॅलिफोर्नियाने १९९५ मध्ये जे केले, त्याचे बीज आपल्या १९८८ च्या कायद्यात आधीपासून पडून आहे. पहिल्या खेपेला माणूस अडवायचा आणि परवाना थांबवायचा; तो आदेश मोडला तर गाडी अडकवायची. ही पायऱ्यांची रचना न्यायाचीही आहे, कारण गाडी जाते ती एकदा बजावून झाल्यावर. आदेश मोडणाऱ्याच्या हाती किल्ली देणाऱ्या घरच्यांनाही तोवर धोका कळलेला असतो. ज्यांना खरोखर माहीत नव्हते, त्यांच्यासाठी काही दिवसांत सुनावणी ठेवली की झाले.

या सगळ्याला लागते ती एक वही. ती आता कागदाची राहिलेली नाही. परवान्यांची 'सारथी' आणि वाहनांची 'वाहन' ही संगणकीय प्रणाली देशभर आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यांची राष्ट्रीय नोंदवही कायद्यात आणली आहे. नाक्यावरच्या हवालदाराच्या हातात यंत्र आहे. कोर्टातली शिक्षा त्याच आठवड्यात परवान्याच्या नोंदीवर चढली आणि ती नाक्यावर दिसली, तर तो हवालदार १८७२ च्या हवालदारासारखा होईल. समोरच्याला ओळखणारा. फरक इतकाच की, तो एका गावाऐवजी सगळ्या देशाला ओळखेल.

रक्ताच्या नमुन्यापासून निकालापर्यंतची साखळी कुठेही कच्ची राहिली तर नोंदही कच्चीच राहणार, हे पुण्यात मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर, नमुनाच बदलल्याचा आरोप झाला तेव्हा, आपण पाहिले. म्हणून दंडाचा आकडा दहाचा पंधरा हजार झाला की वीस, यावर वाद घालताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा. आपल्या तालुक्याच्या कोर्टात गेल्या महिन्यात या कलमाखाली किती जणांना शिक्षा झाली आणि त्यांपैकी किती शिक्षा परवान्यावर चढल्या? हा प्रश्न माहितीच्या अधिकारात कोणीही नागरिक विचारू शकतो. उत्तरात तो जुना शब्द, निरंक, आला तर पुढचा अर्ज कुठे करायचा हे आपल्याला कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)